धुराडं नसलेली भिंत

मस्कतजवळच्या सीबमधल्या घरातल्या हॉलची भिंत मी तीन वर्षांत चार वेळा फोडली आणि चार वेळा सजवली. पाचव्यांदा फोडली ती शेवटची. घरी येणाऱ्या बायका सजावटीचे फोटो काढून न्यायच्या. फोडल्याचं दोघींनाच माहीत होतं, माझ्या बायकोला आणि मुलीला, आणि त्यांनी ते कधी कुणाजवळ काढलं नाही.

मी मूळचा सुतार. सिंधुदुर्गातल्या गावी बापाच्या हाताखाली रंधा मारायला शिकलो आणि त्याच हाताचा मारही खाल्ला. बाप मारताना बोलत नसे. फळी तिरकी कापली तर फटका, खिळा वाकला तर फटका, आणि काही चुकलं नाही तर पुढं चुकू नये म्हणून एक. पुढे मी मस्कतला आलो, वादी अदाईच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये लागलो आणि दहा-बारा वर्षांत सुताराचा सुपरवायझर झालो. मोठ्या व्हिलांमध्ये भिंती, छतं, कपाटं करून द्यायची. हाताखाली चौदा माणसं होती. त्यांच्यातल्या एकावरही मी कधी हात टाकला नाही, कारण टाकला असता तर दुसऱ्या दिवशी मलाच विमानात बसवलं असतं. म्हणजे हात आवरता येत होता. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

बायको लग्नानंतर सात वर्षं गावीच होती. दोन वर्षांनी एकदा मी दोन महिन्यांच्या रजेवर जायचो, आणि त्यातल्या दोन रजांत मी तिला मारलं. एकदा कशावरून ते आठवतं. मला न विचारता ती माहेरी जाऊन आली होती. दुसऱ्यांदा कशावरून ते आज आठवतही नाही, आणि त्याची मला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटते. दोन हजार तेरा साली फॅमिली व्हिसाचं काम झालं. मी मोठ्या आनंदात फोन केला. ती म्हणाली, "माझ्यार हात टाकलात ता झाला. चेडवार टाकलात तर त्याच दिवशी आमी दोगाय गावाक. माका दुसऱ्यांदा सांगूक लावू नकात."

"कबूल," मी म्हणालो. चेडू म्हणजे आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती. मी तिला धड ओळखतही नव्हतो.

सीबमध्ये एका व्हिलाचा तळमजला भाड्यानं मिळाला. वरच्या मजल्यावर मालक राहायचे, वयस्कर, पांढऱ्या दाढीचे, बोलायला गोड. अर्बाब म्हणजे खरं तर नोकरीवरचा मालक, पण आम्ही घरमालकालाही अर्बाबच म्हणायचो. या अर्बाबनी कधीतरी कुठल्याशा थंड देशातल्या हॉटेलात फायरप्लेससमोर बसून कॉफी घेतली होती, आणि ती त्यांच्या डोक्यात बसली. घर बांधताना त्यांनी हॉलमध्ये तशीच करून घेतली. खाली संगमरवराची पायरी, तिच्यावर कमानीचा कोनाडा, कोनाड्यावर फळी आणि तिथून छतापर्यंत भिंतीतून पुढं आलेला पोकळ फुगवटा. कॉन्ट्रॅक्टरनं सगळं केलं, फक्त धुराडं केलं नाही. वर जिप्समचं छत, त्यावर स्लॅब. अर्बाबनी चावी देतानाच सांगितलं, "ये सिर्फ शो है. आग नहीं, धुआँ नहीं. खलास." मी हसलो. हे सुताराला सांगायचं म्हणजे अतीच झालं.

बायकोनं आल्या दिवशी कमरेवर हात ठेवून त्या कोनाड्याकडे पाहिलं. "ही चूल हॉलात कित्याक घातल्यानी?" असं विचारलं आणि संगमरवर गार लागतो म्हणून कांद्या-बटाट्यांची टोपली तिथं नेऊन ठेवली. पहिले तीन महिने आमची फायरप्लेस अशी होती आणि त्या तीन महिन्यांत घरात कुणाचा आवाज चढला नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी मी पोरीचे पाढे घ्यायला बसलो. ती इंडियन स्कूलमध्ये पहिलीत होती, आणि इंग्रजी तिच्या तोंडात असं बसलं होतं की मराठी बोलताना ती शब्दाशब्दाला थांबायची. मी 'बे एके बे' म्हणायला सांगितलं, तिनं 'टू वन जा टू' म्हटलं. मी म्हटलं, "मराठीत." तिनं म्हटलं, "पप्पा, यू डोन्ट नो इंग्लिश, म्हणून तू... तू रागावतो." आणि ती हसली. वाईट नव्हती हसली. लहान मूल हसतं तशीच हसली. पण आदल्याच दिवशी कामावर एका साहेबानं माझ्या इंग्रजीवरून मला चार लोकांत हसून घेतलं होतं, आणि मी उठलो तेव्हा माझा हात वर गेलेला होता.

बायको भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. ओरडली नाही, मध्ये पडली नाही.

वर गेलेला हात कुठंतरी उतरायला हवा होता. हत्यारांची पेटी सोफ्याशेजारी उघडीच होती. मी हातोडा उचलला आणि त्या फुगवट्यावर घातला. पहिल्या घावात प्लास्टरला भोक पडलं, दुसऱ्याला परातीएवढा तुकडा खाली आला, आणि मग मी मोजलं नाही. दात आवळून मारत होतो. शिव्या देत होतो, त्या साहेबाला, बापाला, आणि कुणाकुणाला. कांदे हॉलभर घरंगळले. दंड भरून आले तेव्हा थांबलो. केसांत, पापण्यांवर पांढरा चुरा होता. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. अंगातून ताप उतरावा तसं वाटलं. पोरीला मी बोटही लावलं नव्हतं, शब्द पाळला होता, आणि याच आनंदात मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा बायको चुरा झाडत होती आणि पोर सुपली धरून उभी होती.

अर्बाबला काय सांगायचं, हा प्रश्न होता. पण साइटवर दगडाच्या पातळ चिपा उरल्या होत्या, पिवळसर, इथल्याच डोंगराच्या रंगाच्या. नऊ संध्याकाळी बसून मी त्या फुगवट्यावर लावल्या. लहान-मोठ्या, एकीचा सांधा दुसरीखाली येऊ न देता, चुन्याची रेघ दिसू न देता. वरून एक दिवा असा सोडला की दगडाच्या कडांवर उजेड घसरत खाली यावा. अर्बाब खाली आले, दाढीवरून हात फिरवत पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वल्लाह, ज़ेन. बहुत ज़ेन." ज़ेन म्हणजे छान. ही माझी पहिली आयडिया. पुढच्या महिन्यात बायकोच्या ओळखीच्या पाच-सहा जणी हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी त्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढले.

दगड वर्षभर टिकला. तो फोडायला सगळ्यात जास्त जोर लागला. कारण सांगण्यासारखं नाही, आमटीतल्या मिठापासून सुरू झालेलं होतं. मग मी आरसा लावला, चौकटीला जुन्या दरवाजाचं नक्षीचं लाकूड. आरशानं हॉल दुप्पट दिसायचा. पुण्याकडची एक बाई म्हणाली, "दादा, तुम्हाला या आयडिया सुचतात कुठून हो?" मी तिला फुशारकीनं शिकवलं की बसायच्या खोलीत शिरल्यावर नजर जिथं पहिली जाते तिथंच काम करायचं, बाकीच्या भिंती गप्प ठेवायच्या. फायरप्लेसवर टीव्ही टांगायचा नाही, मान अवघडते. फळीवर वस्तू ठेवायच्या त्या तीन किंवा पाच, जोडीजोडीनं मांडल्या की दुकान वाटतं. बायको तोवर आतून चहा घेऊन आली. तिनं ट्रे ठेवला आणि आत गेली.

आरसा फोडला तेव्हा मला त्यात माझ्या पाठीमागच्या दोघी दिसत होत्या. सोफ्यावर एकमेकींचा हात धरून बसलेल्या. हातोडा पडला तो बरोबर तिथंच. हे मी मुद्दाम केलं की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. काच गोळा करताना बायकोच्या अंगठ्याला कापलं, मी धावत जाऊन पट्टी आणली आणि फुंकर घालत बांधली. भिंत फोडून झाल्यावर मी फार प्रेमळ व्हायचो.

आरशानंतर मी विटकरी रंगाचा साधा गिलावा केला. चतुर्थी जवळ आली होती आणि बायकोच्या डोक्यात कोनाड्याचं मखर करायचं आलं. आमच्या घरातली ती एकच सजावट, जी भांडणातून झाली नाही. कमानीला आंब्याच्या पानांचं तोरण, गणपतीच्या डोक्यावर गावच्यासारखी माटवी, म्हणजे फळं-पानं बांधायची टांगती लाकडी चौकट. गावी माटवीला रानातली फळं बांधतात, कांगलं, कवंडळ. इथं पोरीनं खजुराचे घोस, ओमानी लिंबं आणि अर्बाबच्या अंगणातली हिरवी डाळिंबं बांधली. अर्बाब स्वतः डाळिंबं घेऊन खाली आले होते. पाच दिवस घर कसं भरलेलं होतं. सहाव्या दिवशी ऑफिसातून एक फोन आला, आणि तो गिलावाही गेला.

एवढं सगळं होईतो पोरीला एक सवय लागली होती. पेटीच्या कड्या वाजल्या की ती दप्तर उचलायची, बाथरूममध्ये जायची आणि आतून कडी लावायची. तिथं बसून अभ्यास करायची. एकदा मी तिला लाडानं म्हटलं, "शहाणी माझी बाय ती. पप्पाच्या कामात लुडबुड करत नाही." ती मान डोलवून हसली. ती तेव्हा आठ वर्षांची असेल.

चौथी सजावट माझी सगळ्यात आवडती. त्या वर्षी सगळ्या व्हिलांतून उभ्या लाकडी पट्ट्यांची फॅशन आली होती. फुगवट्याची सगळी पुढची बाजू मी सागाच्या पातळ उभ्या पट्ट्यांनी मढवली, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट, फटीत काळं कापड. मागं पातळ फळ्यांचा सांगाडा, आवाज घुमू नये म्हणून पोकळीत फोम आणि सगळं चिकटवायला तो उग्र वासाचा गोंद. कोनाड्याच्या आत लाल दिवा, म्हणजे निखाऱ्याचा भास. हॉलमध्ये शिरणारा माणूस दारातच थबकायचा. कोनाड्याचा वरचा भाग त्या पोकळीत उघडा होता, तो मी तसाच ठेवला. वर कोण बघायला जातंय?

मार्चमध्ये शिमगा आला. आमच्याकडे शिमगा म्हणजे वर्षाची वाफ बाहेर काढायचा दिवस. होळीभोवती उभं राहायचं, तोंडावर उपडा हात मारत बोंब ठोकायची, आणि ज्याचा राग असेल त्याचं नाव घेऊन 'अमक्याच्या बैलाला होऽऽ' करून ओरडायचं. शिव्या द्यायच्या. सावकार असो, सासरा असो, गावचा मानकरी असो. त्या दिवशी कुणी रागवायचं नाही, हा नियम. मस्कतमध्ये होळी पेटवणार कुठं? किनाऱ्यावर पेटवायची तर परवानगी, पोलीस, कोण त्या भानगडीत पडणार. माझा चुलतभाऊ मत्रहला एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता, मी त्याला दादा म्हणतो. तो आणि गावाकडचे आणखी चौघे संध्याकाळी आमच्याकडे पुरणपोळीला आले. हॉलमध्ये शिरताच दादा भिंत बघून म्हणाला, "शिरा पडो! आगीसाठी इतकी सुंदर जागा, नि आग नाय?"

पोर उड्या मारायला लागली. "रिअल फायर? पप्पा, प्लीज. आय हॅव नेव्हर सीन होळी."

मला सगळं माहीत होतं. धुराडं नाही, हे माहीत होतं. पोकळीत काय भरलंय आणि कशानं चिकटवलंय, हे मी माझ्या हातानं केलं होतं. हाताखालच्या एखाद्यानं असं काही म्हटलं असतं तर मी त्याला मूर्खात काढलं असतं. पण पाच माणसं माझ्या भिंतीसमोर उभी होती, पोर पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागत होती, आणि मला वाटलं, मूठभर लाकूड, चार कापराच्या वड्या, पाच मिनिटं, काय होतंय. गॅलरीतून घमेलं आणलं. सागाचे तुकडे हातोड्यानं फोडून बारीक केले आणि घमेलं संगमरवराच्या पायरीवर, कमानीच्या आत ठेवून त्यात होळी रचली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "अर्बाबनी काय सांगल्यानी ता आठवता मां?" मी तिला हातानंच आत जायला सांगितलं.

दिवेलागणीची मगरिबची बांग होऊन गेली तशी दादानं काडी लावली. कापूर भडकला, लाकडानं पेट घेतला. फटींतून उजेड थरथरायला लागला आणि माझी भिंत जिवंत झाली. मग पाचही जणांनी बोंब मारली. तिसऱ्या बोंबेला वरून अर्बाबनी काठी आपटली, आम्ही हसून आवाज जरा खाली घेतला. एकानं त्याच्या फोरमनच्या बैलाला होऽऽ केलं. दुसऱ्यानं रस्त्यावरच्या कॅमेऱ्याच्या बैलाला. मी माझ्या इंग्रजी साहेबाच्या बैलाला असं काही केलं की घशाला ओरखडा पडला. दादा माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "ह्या सुताराच्या बैलाला होऽऽ! भिंती सजयता, पावण्यांका च्याय दिणा नाय!" मी सगळ्यांत जास्त हसलो. नियमच तो.

पोर फायरप्लेसला टेकून उभी होती. तिचा चेहरा आगीनं लाल झाला होता. तिनं दादाची बाही ओढून विचारलं, "काका, बैलनं काय केलं?"

"बैलान कायच नाय केल्यान, बाय. जो तरास दिता, तेचा नाव घेवचा. आज काय पण बोलूचा, कोणाकच राग येवचो नाय."

"नोबडी? प्रॉमिस?"

"देवाशपथ."

तिनं जरा विचार केला. उपडा हात तोंडावर मारून मोठ्यांसारखी बोंब मारली. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी, एकही शब्द न अडखळता ओरडली, "पप्पाच्या हाताला होऽऽ! पप्पाच्या हातोड्याला होऽऽ!"

एकजण हसला. मग त्याला कळलं आणि तो थांबला. दादा माझ्याकडे बघत होता. त्याला गावातलं थोडंफार ठाऊक होतं. दारात बायको उभी होती, हातात तुपाची वाटी. आग तडतडत होती. मला वाटलं, या पोरीनं मला चार माणसांत उघडं केलं. तीन वर्षं मी तिच्यासाठी स्वतःला आवरलं, तिच्या वाटचं सगळं या भिंतीवर काढलं, आणि ही माझे उपकार असे फेडते. डोक्यात रक्त चढलं. हातोडा पायरीवरच पडला होता.

मी तिला मारणार नव्हतो. हे मी कुणासमोरही सांगेन. मी भिंतीवर मारला, तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर.

पट्ट्या मोडल्या, मागची फळी फुटली. आत पाच-दहा मिनिटं सगळं धुमसत होतं, गोंद, फोम, लाकूड, आणि त्याला हवा मिळत नव्हती. ती मी दिली. भोकातून भस्सकन जाळ बाहेर आला. मी मागं पडलो. एक पेटलेली पट्टी सुटून पोरीच्या हातावर पडली आणि तिच्या फ्रॉकची बाही हाताला चिकटून जळायला लागली. तिनं हात तोंडापुढं धरला होता. आग यायच्या आधीच धरला होता, मी हातोडा उचलला तेव्हाच.

ती किंचाळली नाही. किंचाळली बायको. दादानं सोफ्यावरचं कापड ओढून पोरीला गुंडाळलं आणि नळाखाली नेलं. बाकीच्यांनी बादल्या आणल्या. काळा धूर, कडू, डोळ्यांत तिखट घातल्यासारखा. मी उठून पुन्हा हातोडा मारायला लागलो, या वेळी आग विझवायची म्हणून, आतलं सगळं उपसून काढायचं म्हणून, आणि माझ्या लक्षात आलं की हात अगदी तसाच चालतोय, तोच जोर, त्याच शिव्या. एकानं मला मागून कव घालून बाजूला केलं. अर्बाब वरून धावत आले, अनवाणी, हातात गाडीतलं आग विझवायचं नळकांडं. पांढऱ्या भुकटीत सगळं विझल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले नव्हते. त्यांना समजतच नव्हतं. "तुम कारपेंटर है," ते म्हणाले. "तुमको मालूम था."

हॉस्पिटलला दादानं गाडी नेली. मागच्या सीटवर पोर आईच्या मांडीवर होती, ओल्या टॉवेलमध्ये हात, आणि दात वाजत होते. मी पुढं बसून मनात एकच घोकत होतो की मी पोरीवर हात उचललेला नाही. बायकोची अट मोडलेली नाही. भिंतीला मारलं, आग अपघातानं लागली, आता ह्या दोघी जाणार नाहीत. पोरीचं कातडं सोलवटलेलं असताना मी हा हिशेब करत होतो.

केरळच्या सिस्टर होत्या. हळुवार हातानं त्यांनी बाही कापून काढली, औषध लावलं, आणि मग कागद पुढं ओढून पोरीलाच विचारलं, काय झालं, बेटा.

पोर उठून नीट बसली. "आय टच्ड द हॉट वॉल, सिस्टर," ती म्हणाली. "माय फादर टोल्ड मी, डोन्ट टच. ही टोल्ड मी टू टाइम्स. आय वॉज नॉटी." आवाज स्वच्छ होता, डोळे कोरडे. तिनं त्यात माझी दोनदा दिलेली ताकीदही घातली होती. इतकं सराईत खोटं एका दिवसात येत नाही. गावी बायको शेजारणीला असंच सांगायची, दाराची चौकट लागली, मागीलदारी पाय घसरला. मी आत बसून ते ऐकायचो आणि मला हायसं वाटायचं. बायको आता फरशीकडे बघत होती. सिस्टर लिहीत होत्या.

"सिस्टर," मी म्हणालो, "वो झूठ बोलती है. हथौड़ा मैंने मारा."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "किसको मारा?"

उत्तर तोंडात तयार होतं. तीन वर्षं तयार होतं. मी पोरीकडे पाहिलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती, तो कुठं जातो ते बघत होती.

"इसको," मी म्हणालो.

सिस्टरनी लिहिलेलं खोडलं आणि कुणालातरी फोन केला. हॉस्पिटलच्या समाजसेविका बाई आल्या, त्यांनी मला वेगळ्या खोलीत बसवून बरंच विचारलं, आणि मी विचारलं तेवढं सगळं सांगितलं. गावचंही सांगितलं. बाहेर आलो तेव्हा दादा बाकावर डोकं धरून बसला होता.

दहाव्या दिवशी दोघी गावी गेल्या. बायकोला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही, तिकिटं मीच काढून आणली. एअरपोर्टवर पोरीच्या पाठीवर दप्तर होतं, एक हात बांधलेला, आणि दप्तराच्या पट्ट्यात तिची वेणी अडकून मान तिरकी झाली होती. मी ती सोडवायला हात पुढं केला, तर तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि खांदे वर ओढले. मी हात मागं घेतला. वेणी तिच्या आईनं सोडवली.